स्वतःच्या मापाचा कोट

बाजारात तिला सगळे घड्याळवाली म्हणत. बसथांब्यासमोरच्या दुकानात, काचेमागे उंच स्टुलावर बसून डोळ्याला भिंग लावलेली ती गेली बावीस वर्षं लोकांना दिसत होती. बसलेली असताना कुणाला काही वेगळं वाटत नसे. भरल्या खांद्यांची, चष्मा कपाळावर सरकवलेली, तोंडाने जरा फटकळ बाई. पण स्टुलाला ठोकलेल्या तीन लाकडी पायऱ्या उतरून ती बाहेर आली, की नवं गिऱ्हाईक गडबडायचं. कारण उभी राहिली की ती काउंटरच्या काचेपेक्षा वीतभरच वर दिसायची. धड पूर्ण वाढलेल्या बाईचं, हात आणि पाय मात्र आखूड. जन्मापासून तशीच.

मग ते गिऱ्हाईक सावरून घ्यायला हमखास म्हणायचं, "मूर्ती लहान पण कीर्ती महान, काय?"

या म्हणीचा तिला मनस्वी तिटकारा होता. एकदा एका धिप्पाड गृहस्थाला तिने घड्याळ परत देता देता विचारलं होतं, "तुमची मूर्ती मोठी आहे. कीर्तीचं कसं काय?" त्या दिवशी दुकानाचे म्हातारे मालक आतल्या खोलीत जाऊन तोंडावर रुमाल धरून हसले होते.

ती त्रेचाळीस वर्षांची झाली त्या वर्षी तंत्रशाळेकडून पत्र आलं. घड्याळदुरुस्तीचा सहा महिन्यांचा नवा वर्ग सुरू होणार होता. आठवड्यातल्या दोन दुपारी शिकवायला याल का, अशी विचारणा होती. तिने पत्र मालकांपुढे धरलं.

"जा की," मालक म्हणाले. "शिकताना माझं जेवढं डोकं खाल्लंस, तेवढं आता तुझं कुणीतरी खाऊ दे."

पत्राच्या तळाशी एक ओळ होती. शिक्षकांनी वर्गात कोट घालावा अशी शाळेची पद्धत आहे. वर्ग सुरू व्हायला तीन महिने होते. तीन महिन्यांत एक कोट मिळायला काय हरकत होती?

सुट्टीच्या दिवशी ती भावजयीला घेऊन कपड्यांच्या मोठ्या दुकानात गेली. भावजय उंच, शिडशिडीत. विक्रेत्याने अर्थातच तिच्याशीच बोलायला सुरुवात केली.

"कोट ना? मिळेल की. शाळेत काही कार्यक्रम आहे वाटतं?" असं म्हणत त्याने आकाशी रंगाचा एक कोट काढून टेबलावर पसरला. छातीच्या खिशावर पिवळं बदक शिवलेलं होतं. "हे फार चालतंय सध्या. मुलीचं वय काय?"

भावजय कानापर्यंत लाल झाली. घड्याळवालीने टाचा उंचावून टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "बदक नको."

विक्रेत्याने खाली पाहिलं आणि त्याची बोबडी वळली. मग त्याने घाईघाईने बदक नसलेले चार कोट काढले. मुलांचे होते ते छातीवर मिटेनात. मोठ्यांचे होते ते छातीवर नीट बसले, पण बाह्या बोटांच्या पुढे हातभर लोंबत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "ताई, एखाद्या शिंप्याकडून कापून घ्या ना खालून."

आजवर तिने तेच तर केलं होतं. कोपऱ्यावरचे मास्तर वर्षानुवर्षं तिचे कपडे खालून कापत आले होते. या वेळी मात्र तिने कापड घेऊन त्यांनाच नवा कोट शिवायला सांगितलं. मास्तरांनी टेप गळ्यातून काढलीसुद्धा नाही.

"तुमचं माप काय घ्यायचं, बाई? नजरेत बसलंय."

आठ दिवसांनी कोट आला. खांद्यात आवळत होता. बटणं लावायची तर श्वास रोखावा लागत होता. बाह्या लांब कापून मग आखूड केल्या होत्या, त्यामुळे मनगटाशी त्या घंटेसारख्या पसरल्या होत्या. आणि खिसे इतके खाली होते की बोटांची टोकंच काय ती काठाला टेकत. तिने मास्तरांच्या दुकानात उभं राहून दोन्ही हात खाली ताणून दाखवले.

"मास्तर, खिशात हात जात नाही."

मास्तरांनी दुरूनच पाहिलं. तोंडातली टाचणी काढून ते शांतपणे म्हणाले, "खिसा जागेवर आहे, बाई. हात जागेवर नाही, त्याला मी काय करू?"

दुकानात आणखी दोघी बायका बसल्या होत्या. एकीने हसू दाबलं, दुसरीने तेवढंही केलं नाही.

घड्याळवालीला रोज चार जण चार गोष्टी बोलत, ती त्यांना आठ ऐकवत असे. पण या वेळी तिने आधी कोट काढला, त्याची घडी घातली, तो बगलेत मारला आणि ती दाराशी गेली. तिथे थांबून म्हणाली, "माझे हात जिथे असायला हवेत तिथेच आहेत, मास्तर. खिसा कुठे असायला हवा ते मी बघते."

घरी पोचेपर्यंत तिचा निश्चय झाला होता. जेवताना तिने जाहीर केलं, "मी शिवण शिकणार आहे. कोट मी शिवणार."

तिचा धाकटा भाऊ मोठ्याने हसला. मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "ताई, तुला बटण लावता येत नाही. आणि मशीनच्या पायपट्टीला पाय कसे पोचणार? की मशीनवर उभी राहून नाचणार?"

"तसं करावं लागलं तर नाचेनसुद्धा. तू तिकीट काढून बघायला ये."

आई मात्र हसली नाही. "कशाला हा खटाटोप?" ती म्हणाली. "तो निळा फ्रॉक आहे ना गोल कॉलरचा, छान दिसतो तुला. त्यावर एखादं जाकीट घातलंस की झालं."

"आई, मी वर्गात शिकवायला जातेय. वाढदिवसाला नाही."

आई ताटाकडे पाहू लागली. झालरी, गोल कॉलरी, बारीक फुलांची कापडं, हे सगळं आईनेच आजवर निवडलेलं होतं. पंचविशी उलटली, चाळिशी उलटली, तरी निवडतच होती.

"लहान दिसलीस की लोक माया करतात," आई हळूच म्हणाली. "तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून बघतेय मी. नाहीतर टक लावून बघतात."

"मला माया नकोय गं. मला खिसा हवाय."

हे बोलणं आईला लागलं. ती उठून आत गेली. घड्याळवालीलाही ते कळलं, पण शब्द परत घ्यावा असं काही तिला वाटलं नाही.

वरच्या मजल्यावर एक काकू राहत. उभ्या आयुष्यात त्यांनी रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि परिचारिकांचे डगले शिवले होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि मशीन खिडकीशी धूळ खात पडलं होतं. घड्याळवाली त्यांच्याकडे गेली.

"काकू, शिकवाल का?"

"मला दिसत नाही."

"मला दिसतं. तुम्ही नुसतं सांगा."

काकूंनी जरा विचार केला. "सांगेन. पण मी शिव्या देते."

"चालेल. मीही देते."

काकूंचं मशीन पायाचं होतं. खुर्चीवर बसल्यावर घड्याळवालीचे पाय पायपट्टीच्या वर चांगले हातभर लोंबकळत राहिले. भावाचे शब्द तिला आठवले आणि तिने दात आवळले. दुसऱ्या दिवशी तिने लाकडाचा एक जाड ठोकळा आणला आणि दुकानातल्या गिरमिटाने भोकं पाडून तो पायपट्टीवर बोल्टांनी बसवला. पट्टी पुढे कलली आणि तशीच अडून बसली. ठोकळा फार पुढे बसला होता. तोल सांभाळणं हे तर तिचं रोजचं काम. घड्याळाचं चक्र केसाएवढं एका बाजूला जड झालं तरी वेळ चुकते. तिने ठोकळा काढला, मागे घेतला, पुन्हा बसवला, खालून थोडा तासला. चौथ्या खेपेला पट्टी दोन्हीकडे सारखी झुलू लागली. ठोकळ्यावर पाय ठेवून तिने एक झोका दिला, आणि मशीन खडखड करत उलटं फिरलं.

"उलटं!" काकू पलंगावरून ओरडल्या. "दोरा गिळेल ते! आधी हाताने चाक आपल्याकडे फिरव, मग पाय मार."

उजवीकडच्या चाकापर्यंत हात पोचवायचा तर तिला सगळं अंग त्या बाजूला झुकवावं लागे. पहिले चार दिवस ती झुके, चाक फिरवे, सरळ होऊन पाय मारेपर्यंत चाक थांबलेलं असे. काकूंनी दोरा घालूच दिला नाही. वहीचा रेघांचा कागद सुईखाली ठेवायचा आणि रेघेवर नुसती भोकं पाडत जायचं. घड्याळवालीला वाटलं होतं, केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्याने बसवणारी आपण, एक सरळ रेघ ती काय! पण पहिल्या कागदावर भोकं अशी निघाली, जणू मुंगी दारू पिऊन चालली होती.

"घड्याळ एका जागी बसतं, काकू. हे पळतं."

"पळू दे. तू ओढू नकोस. कापड आपल्या पायाने चालत येतं. तू फक्त वाट दाखव."

मग दोरा आला, आणि दोऱ्याबरोबर त्याचे सगळे नखरे. तो तुटे, सुटे, कापडाच्या खाली गुंता करून बसे. त्या गुंत्याला काकू 'घरटं' म्हणत. "किती घरटी बांधलीस आज?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. सकाळी दुकान उघडण्याआधीचा दीड तास आणि सुट्टीचा पूर्ण दिवस ती वर असे. एकदा सुई नखाच्या कडेतून आरपार गेली. तिने बोट तोंडात धरलं आणि डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "तुझी तर…" काकूंनी पुढचे दोन शब्द पुरवले.

दुसऱ्या आठवड्यात तिने अभ्रा शिवला. शिवण सरळ होती, टाके सारखे होते. अभिमानाने खाली आणून तिने तो भावजयीच्या हातात दिला. भावजयीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, छान झालाय. फक्त उशी कुठून घालायची?"

चारही बाजू शिवलेल्या होत्या. भाऊ जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. या वेळी मात्र तीही हसली, आणि मग चौथी बाजू उसवायला बसली.

उसवता उसवताच तिला ती गोष्ट सुचली. बंद पडलेलं घड्याळ समोर आलं की ती काय करते? उघडते. एकेक भाग काढून ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडते. मग मास्तरांचा तो कोट नुसता खुंटीला कशाला टांगून ठेवायचा?

तिने कोट वर नेला आणि बारीक कात्रीने त्याची शिवण न् शिवण उसवली. कॉलर, बाह्या, पाठ, पुढचे दोन्ही भाग, खिसे, अस्तर. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला. अठरा तुकडे झाले. बाहीचा वरचा भाग खांद्याला जोडतात तो डोंगरासारखा गोल असतो आणि ज्या खळग्यात तो बसतो त्या मुंढ्यापेक्षा किंचित मोठा असतो, हे तिला पहिल्यांदा कळलं. काकूंनी तुकडे बोटांनी चाचपले.

"काय केलंय यानं, सांगू? मोठ्या बाईच्या कापणीचा बेत घेतला आणि सगळीकडून सारखा लहान केला. वरूनही, खालूनही. तू काय अशी सगळीकडून लहान आहेस का?"

"नाही," घड्याळवाली म्हणाली. इतकी वर्षं अंगावर वागवलेली गोष्ट तिला इतक्या सरळ शब्दांत कुणी सांगितली नव्हती. "मी लहान नाहीच आहे. माझे हात-पाय आखूड आहेत, एवढंच."

"मग तशी मापं घे. नजरेत बसलंय म्हणणाऱ्याच्या नजरेत काही नसतं."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने भावजयीला टेप दिली. भावजय आधी अवघडली. दुकानातला तो प्रसंग तिच्या मनातून गेला नव्हता. नणंदेच्या अंगाला असा हात लावायची तिच्यावर कधी वेळही आली नव्हती.

"ताई, मी… कुठून सुरुवात करू?"

"मानेपासून. आणि खाली बघून पुटपुटू नकोस, आकडा मोठ्याने सांग. मी लिहितेय."

भावजय सांगत गेली, ती लिहीत गेली. खांदा ते खांदा. मान ते कंबर. छाती. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट. पाठीचा बाक. हात सैल सोडल्यावर तळवा जिथे येतो तिथून खांद्यापर्यंत. एकतीस आकडे झाले. मध्येच भावजय थांबली. तिने टेप पुन्हा लावली, मग स्वतःच्याही मानेपासून कमरेपर्यंत लावून पाहिली.

"ताई, हे बघा. मान ते कंबर आपलं दोघींचं माप सारखंच आहे! एका बोटाचाही फरक नाही."

"मग? तुला काय वाटत होतं?"

"मला वाटत होतं…" भावजय घुटमळली आणि मग खरं ते बोलून गेली. "मी कधी बघितलंच नव्हतं."

"मीसुद्धा नव्हतं बघितलं," घड्याळवाली म्हणाली.

त्या कागदावर तिने बराच वेळ नजर रोखून ठेवली. गिऱ्हाइकांच्या घड्याळातल्या चाकांचे दाते ती मोजत आली होती. स्वतःच्या अंगाचे आकडे मात्र ती आज पहिल्यांदा पाहत होती. त्यात चुकीचं, कमी, अर्धवट असं काही दिसत नव्हतं. नुसते आकडे होते.

जुन्या वर्तमानपत्रांवर तिने बेत काढला. सहा वेळा कापला, सहा वेळा अंगावर टाचून पाहिला, पाच वेळा फाडला. आधी जुन्या पडद्याच्या कापडाचा कोट शिवायचा असं काकूंनी बजावलं होतं. तो शिवून ती आरशापुढे उभी राहिली तेव्हा खांदे झकास बसले होते, पण हात वर होईना. तिने जोर केला, तेव्हा बगलेत टरकन आवाज झाला.

"मुंढा खोल कापलास," काकू म्हणाल्या. त्यांनी नुसता आवाज ऐकला होता. "सगळ्यांना वाटतं, मुंढा खोल केला की हात मोकळा होतो. उलटं आहे. तो बगलेला जवळ हवा."

वर्गाला तीन आठवडे राहिले होते. आई मधूनमधून वर येऊन दाराशी उभी राही, काकूंना तब्येत विचारी, लेकीकडे न बघता निघून जाई. एक दिवस मात्र ती आत आली. पडद्याचा फाटका कोट पलंगावर होता. आईने तो उचलला, त्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं.

"टोकदार आहे," ती म्हणाली.

"हो. गोल नाही."

"तुझ्यावर मी चुकीचे कपडे चढवले असं तुला वाटतं का?"

घड्याळवालीने पाय थांबवला. मशीन थांबलं. खोटं बोलून आईचं मन राखणं सोपं होतं, पण तिच्याच्याने ते झालं नाही.

"हो, आई. तू भीतीपोटी चढवलेस, तेही मला कळतं. पण मी सहा वर्षांची नाही. आणि लोक टक लावून बघायचे ते बघतातच. गोल कॉलर असली तरी बघतात."

काकूच मध्ये पडल्या. "आता आलीच आहेस तर सुईत दोरा ओवून दे. हिची घरटी उसवून माझी बोटं दुखली."

आईने खिडकीकडे सुई धरली आणि पहिल्याच खेपेत दोरा ओवला.

खऱ्या कोटासाठी तिने राखाडी-निळं, जरा जड कापड आणलं. कात्री लावण्याआधी तिने एकतीसही आकडे दोनदा ताडून पाहिले. केवढंही महागाचं घड्याळ उघडताना तिने एवढा वेळ कधी लावला नव्हता. पाठ, पुढचे भाग, बाह्या. या वेळी बाही खालून कापलेली नव्हती. कोपराचा बाक तिच्या कोपरापाशी होता आणि मनगटाकडे बाही नीट निमुळती होत गेली होती. मुंढा उंच ठेवला. शेवटी खिशांची वेळ आली तेव्हा ती आरशासमोर उभी राहिली, हात सैल सोडले, मग सहज वाकवले, आणि तळवे जिथे टेकले तिथे खडूने दोन रेघा मारल्या. मास्तरांच्या खिशांपेक्षा त्या चांगल्या सहा बोटं वर होत्या.

"इतक्या वर?" दारातून भावाने विचारलं. "लोक म्हणतील खिसे चुकले."

"लोकांचे हात जाणार आहेत का त्यांत?"

भाऊ हसला आणि स्वतःचे हात खिशांत घालून जिना उतरला.

कॉलरने मात्र शेवटपर्यंत छळलं. डावं टोक उजव्यापेक्षा किंचित लांब राहिलं. तिने उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा तेच. काकूंनी बोटांनी चाचपून सांगितलं, "डावीकडे तिळाएवढं जास्त आहे."

"दिसतंय का?"

"मला काहीच दिसत नाही, मला काय विचारतेस?"

वर्गाला दोन दिवस राहिले होते. आणखी उसवलं तर कापडाचे धागे सुटले असते. तिने कॉलर तशीच ठेवली.

तंत्रशाळेत प्राचार्य स्वतः तिला घ्यायला दारापर्यंत आले. वर्गात फळ्यापुढे एक उंच लाकडी मंच ठेवला होता, नवाकोरा, अजून रंगाचा वास येणारा.

"तुमच्यासाठी मुद्दाम करून घेतला," प्राचार्य कौतुकाने म्हणाले. "म्हणजे तुम्ही सगळ्यांना दिसाल."

तिला विचारून केला असता तर तिने दुसरंच काही मागितलं असतं. ती मंचाकडे गेली, त्याची उंची पाहिली आणि म्हणाली, "सर, इथे उभी राहिले तर मी दिसेन. पण घड्याळ कुणालाच दिसणार नाही. मला मध्ये एक टेबल द्या, आणि हे सगळे त्याच्याभोवती बसू देत."

समोर चोवीस जण होते. कुणी विशीतले, दोघं-तिघं चांगले चाळिशीचे. टेबलं सरकवण्याचा गोंधळ चालू असताना मागून कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी बोललं आणि तिकडून खसखस पिकली. नेमकं काय बोललं ते तिला ऐकू आलं नाही. ऐकण्याची गरज नव्हती; तसली वाक्यं तिला पाठ होती. आजवर अशा वेळी ती काहीतरी झणझणीत परतवायची. आज तिने तसं काही केलं नाही. हसू विरेपर्यंत ती दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून उभी राहिली. कुठल्याही शिक्षकाने वर्ग शांत व्हायची वाट बघत उभं राहावं, तशी. असं उभं राहणं तिला आजवर कधी करता आलं नव्हतं. आपला हात आपल्या खिशात किती आरामात विसावतो, हे तिला तेव्हाच कळलं.

वर्ग शांत झाला. तिने उजव्या खिशातून भिंग काढलं, डाव्यातून चिमटा.

"मागे जो बोलला तो पुढे येऊन बसेल," ती म्हणाली. "जीभ एवढी बारीक चालते, तर हात कसा चालतो ते बघू."

एक ढगळ सदऱ्यातला तरुण उठला आणि मुकाट्याने पुढे येऊन बसला. पहिला स्क्रू त्याने जमिनीवर पाडला. तिने त्याला तो शोधायला लावला, आणि सापडल्यावर न पाडता बसेपर्यंत पुन्हा पुन्हा बसवायला लावला. तास संपला तेव्हा घंटा झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

जाताना एका चाळिशीच्या बाईने तिला गाठलं. "बाई, कोट छान आहे. कुठल्या शिंप्याचा?"

"माझा."

"म्हणजे तुमचाच, पण शिवला कुणी?"

"मीच. कॉलरचं डावं टोक जरा लांब आहे, बघा."

त्या बाईने निरखून पाहिलं. "मला नाही दिसत."

"मला दिसतं," घड्याळवाली म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने नवं कापड आणून काकूंच्या पलंगावर पसरलं. गडद लाल. नुसतं लाल नव्हे, डोळ्यांत भरेल असं. या वेळी तिला कोटाबरोबर पँटही हवी होती, जिचा गुडघा तिच्या गुडघ्यावर येईल अशी. आई तिच्यासोबत वर आली होती. कापड बघून तिचा हात तोंडाशी गेला.

"लाल? अगं, रस्त्याच्या त्या टोकावरून दिसशील."

"दिसू दे की."

"सगळे वळून वळून बघतील."

"मानेला व्यायाम होईल लोकांच्या. आई, हे टोक घट्ट धर. सरकलं तर बेत बिघडेल."

आई कुरकुरत पलंगाच्या कडेवर बसली. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी," ती म्हणाली.

"मला रंग दिसत नाही," काकू म्हणाल्या. "सूत चांगलं आहे."

घड्याळवालीने खडू उचलला आणि टेप पसरली. आईने कापडाचं टोक दोन्ही हातांनी धरलं. जरा वेळाने, कुणी विचारलं नसताना, ती म्हणाली, "इकडून तिरकं जातंय तुझं. रेघ सरळ मार."

घड्याळवालीने वाकून पाहिलं. खरंच तिरकं जात होतं. तिने रेघ पुसली आणि सरळ मारली.